लोकलने आलेली लोकसंख्या

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे ८२ हजार माणसं कमी झाली. सिंधुदुर्गात १९ हजार कमी झाली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई, म्हणजे जनगणनेच्या भाषेतला मुंबई शहर जिल्हा, अडीच लाखांनी घटला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. पालघर तेव्हा वेगळा झालेला नव्हता, आणि हा अखंड ठाणे जिल्हा २०११ मध्ये देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

लोकसंख्येवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं लेखन पाळण्यापासून सुरू होतं: किती मुलं जन्मली, किती जन्मायला नको होती, कोणी पाळणा लांबवला आणि कोणी लांबवला नाही. वरच्या आकड्यांकडे पाहिलं तर पाळणा दुय्यम ठरतो. तिथे दिसतो तो टेम्पोत भरलेला संसार. कपाट, गॅसची शेगडी, गुंडाळलेल्या गाद्या, देवघर, आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर कुंडी घेऊन बसलेली एखादी म्हातारी. लोकसंख्या जगाची वाढली, देशाची वाढली, हे खरंच आहे. पण वाढ सगळीकडे सारखी पसरत नाही. ती कुठे तरी येऊन उतरते. जिथे उतरते तिथल्या पाण्याला, जमिनीला, नदीला आणि गाडीच्या डब्याला तिचं ओझं कळतं. या पुस्तकाची सुरुवात कात्रपपासून करण्याचं कारण हे आहे.

कात्रप म्हणजे बदलापूर स्टेशनच्या पूर्वेचा, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा भाग. आजच्या वाचकाला तो इमारतींचा, दुकानांचा, रिक्षांच्या रांगांचा भाग म्हणून माहीत आहे. हा सगळा टापू मुळात भाताच्या खाचरांचा, आगरी-कुणबी घरांचा आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकर-कातकरी वाड्यांचा. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा बदलापूरही तिच्यात गेलं. १९९२ मध्ये ते बाहेर पडलं, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद झाली, आणि कात्रप तिच्या हद्दीत आलं. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५२ हजार होती. २००१ मध्ये ती ९८ हजारांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर. वीस वर्षांत तिपटीहून अधिक. जगाला तिप्पट व्हायला १९५० पासून पुढे जवळजवळ सत्तर वर्षं लागली होती.

आता थोडं गणित करू. १९९१ चे ५२ हजार लोक इथेच राहिले असते, बाहेरून कोणीच आलं नसतं, आणि जन्म वजा मृत्यू अशी वाढ दरवर्षी दीड टक्का धरली, जी महाराष्ट्राच्या मानाने सढळच आहे, तर २०११ मध्ये इथे सुमारे ७० हजार माणसं असती. प्रत्यक्षात होती १ लाख ७४ हजार. मधली एक लाखावर माणसं बाहेरून आलेली, किंवा बाहेरून आलेल्यांच्या पोटी जन्मलेली. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून, डोंबिवली-कल्याणच्या भाड्याच्या खोल्यांतून, कोकण, घाट, खानदेश, मराठवाड्यातून आणि इतर राज्यांतूनही ती आली. त्यांच्या येण्याने जगाच्या लोकसंख्येत एकाचीही भर पडली नाही, फक्त जागा बदलली. तरी कात्रपच्या नळाला, गटाराला आणि सकाळच्या गाडीला लोकसंख्येचा स्फोट झाल्यासारखंच वाटलं असणार.

म्हणून या विषयात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे ठेवावे लागतात. माणसं एकूण किती, हा एक. माणसं कुठे आणि कशाने ढकलली जातात, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर शंभर वर्षं भाषणं झाली. दुसऱ्याला मात्र आपण नगररचनेच्या फायलींत सोडून दिलं. माझं म्हणणं असं आहे की पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी लागत आलं आहे, आणि दुसऱ्याची तर आपण अजून नीट मोजणीही केलेली नाही.

पहिल्या प्रश्नाची हकिकत आधी सांगतो. जगाची लोकसंख्या १८०० च्या सुमारास एक अब्ज झाली, म्हणजे माणूस पृथ्वीवर आल्यापासून तिथवर पोचायला लाखो वर्षं गेली. दुसरा अब्ज १९२७ च्या आसपास पुरा झाला, तिसरा १९६० मध्ये, चौथा १९७४ मध्ये. ११ जुलै १९८७ हा पाचव्या अब्जाचा दिवस मानला गेला आणि त्यावरून आपण जागतिक लोकसंख्या दिन पाळतो. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी आठ अब्ज झाल्याचं जाहीर केलं.

हे का झालं? माणसं अचानक जास्त मुलं जन्माला घालू लागली म्हणून नाही. मुलं पूर्वीही खूप होत, पण ती मरत. भारताच्या जनगणनेत १९११ ते १९२१ हे दशक असं आहे की त्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, आणि त्याचं मोठं कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्याआधी १८९६ पासून मुंबई-पुण्याने प्लेग पाहिला होता. घरोघरी जुन्या बायकांच्या तोंडी एक हिशोब असे: इतकी झाली, इतकी जगली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या जवळपास होतं. आता ते सत्तरच्या घरात आहे. देवी गेली, पटकी आवरली, मलेरियावर फवारणी आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, रेशनवर धान्य आलं. मरण मागे हटलं म्हणून लोकसंख्या वाढली. ज्या वाढीला आपण संकट म्हणत आलो तिच्या मुळाशी विसाव्या शतकातलं सगळ्यांत मोठं पुण्य आहे, हे या विषयाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवायला हवं. माझ्या वाचनात ते फार क्वचित लिहिलेलं आढळलं.

मृत्यू आधी कमी होतात, जन्म उशिरा कमी होतात, आणि मधल्या दोन-तीन पिढ्यांत माणसं झपाट्याने वाढतात. युरोपात हा मधला काळ शंभर-दीडशे वर्षं पुरला आणि त्यांची जादा माणसं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जाऊन वसली. आपल्याकडे हा काळ त्याहून लवकर सरत आला, आणि जादा माणसांना जायला मुंबई होती, पुणे होतं, सुरत होतं. पुढे मुंबईही भरली.

जन्म कमी करण्याचा विचार महाराष्ट्रात फार लवकर झाला, आणि त्याची आठवण इथे करायलाच हवी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यूने थांबवेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. आंबेडकरांनी पुढे हाच विषय मुंबई प्रांताच्या विधिमंडळात नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव मांडला, आणि त्यामागचं भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं होतं. ठराव संमत झाला नाही. शकुंतला परांजपे यांनी हे काम पुढे प्रत्यक्ष बायकांमध्ये बसून केलं.

या मंडळींच्या विचारात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांच्यासाठी संततिनियमन म्हणजे आधी बाईच्या शरीराचा, तिच्या आरोग्याचा आणि तिच्या इच्छेचा प्रश्न होता. देशाची एकूण बेरीज नंतर. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, राष्ट्रीय पातळीवर असं करणारा तो जगातला पहिला देश. तेव्हापासून क्रम उलटा झाला. बेरीज आधी आली, बाई नंतर. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतींवर आला, उद्दिष्टं आली, तालुक्याला किती शस्त्रक्रिया याचे आकडे ठरले. आणीबाणीत याचा शेवट बळजबरीत झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, पण तो मंजूर करणारं सभागृह कर्व्यांच्या आणि आंबेडकरांच्या महाराष्ट्राचं होतं, हे विसरता येत नाही. १९७७ नंतर ‘कुटुंबनियोजन’ जाऊन ‘कुटुंबकल्याण’ आलं. भार मात्र बाईकडेच राहिला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांची नसबंदी शंभरात एकाचीही नाही.

आणि तरीही, किंवा त्यामुळेच, जन्म कमी झाले. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं होतात आणि देशात २. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे महाराष्ट्र ती रेषा कधीच ओलांडून खाली आला. संख्या तरी वाढतेच आहे, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला एक-दोनच मुलं झाली तरी बायकाच संख्येने जास्त असल्याने बेरीज काही काळ चढत राहते. जगाचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की चालू शतकाच्या नवव्या दशकात जग १०.३ अब्जांच्या आसपास शिखर गाठेल आणि मग हळूहळू उतरेल.

लहान कुटुंबाने एक काळी बाजूही दाखवली. मुलं दोनच हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, हे एकत्र आलं की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपण केला, तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. आकडा कमी करणं हेच एकमेव ध्येय ठेवलं की तो कोणाच्या जिवावर कमी होतोय हे विचारायचं राहून जातं. यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थांबतो.

आता दुसरा प्रश्न. कात्रपला लोक का आले?

सरळ उत्तर असं की त्यांना मुंबईत घर परवडेना. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातल्या पुष्कळांच्या गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन भाऊ राहू शकत होते ते पगार येत होता म्हणून. पगार थांबला, मुलं मोठी झाली, लग्नं ठरू लागली, मग खोली एकाकडे राहिली आणि बाकीचे लाइनवर पुढे सरकले. आधी ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण. तिथे भाव चढले तसे अंबरनाथ आणि बदलापूर. जिथे लोकल जाते आणि जिथे वन बीएचके परवडतं, अशा दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मुंबईचा नोकरदार राहायला जातो. गेली तीस वर्षं तो छेद बदलापूरच्या आसपास आहे, आणि आता वांगणी-नेरळकडे सरकतो आहे.

इमारतीला परवानगी मिळताना रस्ता किती रुंद, मजले किती, पार्किंग किती हे तपासलं जातं. या इमारतीतली माणसं सकाळी साडेसातला कोणत्या गाडीत चढणार, हे तपासण्याची सोय कोणत्याही नियमावलीत मला आढळली नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्ग, आणि त्यांच्यावरून लोकलही जाते, पुण्याच्या एक्स्प्रेसही आणि मालगाड्याही. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर होऊन तिचं काम सुरू झालं ते शहर तिप्पट झाल्यानंतर. इथली माणसं रोज तीन-साडेतीन तास प्रवासात घालवतात. डाऊन गाडीत बसून उलटे जातात, कारण तेवढीच बसायला जागा मिळते. जी बाई पहाटे चारला उठून पाणी भरते, डबे करते, साडेसहाची गाडी पकडते आणि रात्री आठला परतते, तिला दुसरं मूल का नको वाटतं हे समजून घ्यायला कोणत्या घोषणेची गरज नाही. कुटुंब लहान ठेवण्याचं काम इथे गाडीने आणि घराच्या हप्त्याने केलं आहे.

पाण्याची गोष्ट जास्त विस्ताराने सांगायला हवी, कारण लोकसंख्येचा निसर्गाशी संबंध इथे हाताने चाचपता येतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सर्वमान्य निकष. त्या हिशोबाने १९९१ च्या बदलापूरला रोज सुमारे ७० लाख लिटर लागत होतं; २०११ च्या बदलापूरला २ कोटी ३५ लाख लिटर. उल्हास नदी तीच. ती राजमाचीच्या खोऱ्यात उगम पावते, कर्जत-नेरळवरून बदलापूरला येते, तिथल्या बॅरेजमधून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूर आणि अंबरनाथसाठी पाणी उचलतं, आणि पुढे तीच नदी उल्हासनगर-कल्याणकडे जाते. प्रत्येक शहर वरच्या शहराने वापरून सोडलेलं पाणी पुन्हा उचलून शुद्ध करून पितं. नेरळचं सांडपाणी बदलापूरच्या वाट्याला, बदलापूरचं खालच्या शहरांच्या वाट्याला. लोकसंख्या कमी होती तोवर नदी हे मधल्या अंतरात निस्तरत असे. आता शहरांमध्ये तेवढं अंतर राहिलेलं नाही.

या सगळ्या पट्ट्याला पाणी पुरवतं ते मुख्यत्वे बारवी धरण. औद्योगिक विकास महामंडळाचं हे धरण, पहिला टप्पा सत्तरच्या दशकातला. मागणी वाढत गेली तशी उंची वाढवली गेली, आणि आज त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. धरणाची भिंत चार मीटर वर गेली की पाणी आडवं किती पसरतं ते मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, कोळेवाडी, मानिवलीच्या लोकांना विचारावं. त्यांच्या जमिनी आणि घरं त्यात गेली. त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठे मोबदल्याबरोबर घरटी एकाला नोकरी असं ठरलं. शहराच्या लोकसंख्यावाढीची किंमत एका डोंगराआडच्या गावाने मोजली, आणि शहरात नळ सोडणाऱ्याला त्या गावाचं नाव ठाऊक नाही. ‘माणसं फार झाली’ म्हणताना कोणाची माणसं, हा प्रश्न मला इथे सर्वांत टोकदार वाटतो. तोंडलीत माणसं फार झालेली नव्हती.

वालधुनीची कथा याहून वाईट आहे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० मध्ये शिलाहारांच्या काळात जिच्या काठी उभं राहिलं तीच ही नदी. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांनी आणि वस्त्यांनी तिचा नाला केला. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्यात टँकरने सोडलेल्या रसायनातून वायू निघाला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रात्रीतून दवाखान्यात न्यावं लागलं. हे मात्र लोकसंख्येच्या माथी मारू नये. टँकर रिकामा करणारा एक असतो, आणि श्वास घेणारे पाच लाख.

पावसाळ्यात उल्हास आपली जागा परत मागते. २६ जुलै २००५ ला तिने ती मागितली, आणि २७ जुलै २०१९ ला पुन्हा. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी आणि गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर काढावं लागलं. बातमी गाडीची झाली. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाडा, रमेशवाडीतल्या तळमजल्यांवर पाणी चढलं त्याची कमी झाली. कात्रप नदीपासून लांब, रुळांच्या पूर्वेला. पण खाचरं बुजवून इमारती झाल्या की पूर्वी जमिनीत मुरणारं आणि शेताच्या बांधात थांबणारं पाणी नाल्यात येतं, आणि नाला नदीकडे जातो. पूर्वेचं काँक्रीट पश्चिमेच्या तळमजल्यात पाणी वाढवतं. डोंगरउतारावरची जांभळाची झाडं या सगळ्यात कमी होत गेली. जूनमध्ये आदिवासी बायका स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात टपोरी जांभळं घेऊन बसत. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला आनंद आहे; ते मानांकन झाडं उभी असेपर्यंतच खरं.

मग माणसं कमी असती तर हे टळलं असतं का? काही अंशी हो. मी संख्येचा प्रश्न नाकारत नाही; १३५ ला पावणेदोन लाखांनी गुणलं की जे येतं ते येतंच. पण संख्येवर थांबलं की नजर नेहमी दुसऱ्याच्या गर्दीकडे जाते. १९६८ मध्ये पॉल एर्लिक या अमेरिकी शास्त्रज्ञाचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक जगभर गाजलं. त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्री रस्त्यावर दिसलेल्या माणसांपासून होते. त्या काळात पॅरिस दिल्लीपेक्षा मोठं होतं, पण पॅरिसची गर्दी कोणाला बॉम्ब वाटली नाही. आज एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो आणि अमेरिकी माणूस चौदा टनांच्या आसपास. पृथ्वी तापते ती डोक्यांच्या मोजणीने नव्हे, डोक्यामागे जळणाऱ्या इंधनाने. हाच न्याय आपल्या घरातही लावायला हवा: कात्रपच्या टँकरच्या रांगेतलं कुटुंब आणि पोहण्याचा तलाव असलेल्या संकुलातलं कुटुंब, दोन्हीत माणसं चारच असतात.

शेजारच्या उल्हासनगरचा दाखला मला सतत आठवतो. फाळणीनंतर कल्याण कँपच्या लष्करी बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आणून ठेवले गेले. तेव्हाच्या कोणत्याही हिशोबाने ती माणसं जादा होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं, आणि त्या जादा माणसांनी शिलाई, फर्निचर, जीन्स, मिठाई यांची एक बाजारपेठ उभी केली जिच्यावर आज कितीतरी जिल्ह्यांची दुकानं चालतात. माणूस खाणारं तोंड घेऊन येतो तसे कामाचे दोन हातही घेऊन येतो, हे उल्हासनगरने दाखवलं. पण तिथेच दुसरंही दिसलं. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरांत २०११ पर्यंत पाच लाख माणसं झाली आणि घरं नियम धाब्यावर बसवून बांधली गेली. २०२१ च्या मे महिन्यात एकाच पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. त्या शहराची वाढ २००१ नंतरच्या दशकात फक्त सात टक्क्यांवर आली, कारण आता तिथे जागाच नाही. ती वाढ आता अंबरनाथ आणि बदलापूरकडे येते. उल्हासनगरला जे सत्तर वर्षांत झालं ते बदलापुरात तीस वर्षांत होऊ द्यायचं का, हे ठरवायला वेळ थोडा उरला आहे.

ठरवायचं तर आधी मोजावं लागतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे पाणी, शाळा, दवाखाने, गाड्या, रेशन यांचं नियोजन आजही २०११ च्या पायावर किंवा अंदाजांवर चाललं आहे. जे गाव दर दहा वर्षांनी दुपटीकडे जातं त्याच्यासाठी जुना आकडा हा चुकीचाच आकडा असतो. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे.

या पुस्तकात पुढे जगाचे आकडे येतील, मृत्युदर आणि जननदराचे आलेख येतील, चीनचं एक अपत्य धोरण आणि केरळचा वेगळा मार्ग यांची तुलना येईल. वाचकाने ती प्रकरणं आपल्या गावाचा नळ आणि आपली गाडी डोळ्यांसमोर ठेवून वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. आणि एक विनंती आहे. २०११ च्या अर्जात जन्मस्थान, मागचं वास्तव्य आणि तिथून निघण्याचं कारण विचारलेलं होतं. कारणांचे पर्याय होते काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत स्थलांतर आणि इतर. ‘आधीच्या ठिकाणी घर परवडेना’ असा पर्याय नव्हता, आणि कात्रपच्या निम्म्याअधिक घरांचं खरं कारण तेच असावं. प्रगणक दारात येईल तेव्हा घाईने काहीतरी सांगून त्याला वाटेला लावू नका. त्याला बसवा, कुठून आलात आणि का आलात ते खरं सांगा, आणि कोणत्याच चौकटीत ते बसत नसेल तर ‘इतर’ लिहायला लावा.